वरच्या खोलीतल्या मूळ फाइली

बोलक्या पुस्तकांच्या त्या ग्रंथालयात दोन संगणक होते आणि त्यांचं आपसात सवतींइतकंच सख्य होतं. एक वरच्या मजल्यावर, जाड पडदे लावलेल्या रेकॉर्डिंगच्या खोलीत. त्यात विंडोज होतं आणि तो इतका म्हातारा झाला होता की केव्हाच निवृत्त व्हायचा, पण तिथला मायक्रोफोन त्याच्याशिवाय दुसऱ्या कुणाला जुमानत नसे. दुसरा खाली, जिन्याखालच्या निमुळत्या खोलीत. तो एवढा मंद झाला होता की बटण दाबून माणसानं बाजार करून यावा. शेवटी त्यात विंडोजऐवजी लिनक्स घातलं आणि तो माणसात आला. पुस्तकं वर वाचली जायची आणि खाली कापली जायची. दोघांच्या मध्ये जिन्याच्या कठड्याला बांधलेली एक निळी वायर होती.

कापायचं काम जिच्याकडे होतं तिला सगळे कात्री म्हणत. वाचणाऱ्याचं खोकणं, अडखळणं, पानाची सळसळ, खुर्चीची कुरकुर असं सगळं काढून टाकायचं आणि दृष्टी नसलेल्या ऐकणाऱ्याच्या कानात फक्त पुस्तक ठेवायचं, हे तिचं काम. कान असे तिखट की वरच्या खोलीत पंखा बंद करायला कुणी विसरलं तर तिला खाली कळायचं. जागेची मारामार असल्यामुळे ग्रंथालयाची रीत अशी होती की मूळ फाइलवरच कात्री चालवायची. कापलेलं गेलं ते गेलं. त्यासाठी रडत बसायला कुणाला वेळही नव्हता आणि तसं रडण्यासारखं काही वाटतही नव्हतं.

संगणक सांभाळायला आठवड्यातून एकदा एक सडपातळ माणूस यायचा, त्याचं नाव पडलं होतं नकोबा. पूर्वी कधीतरी स्क्रीनवर मध्येच उगवलेल्या एका चौकोनाला कुणीतरी ‘हो’ म्हटलं आणि आत शिरलेल्या व्हायरसनं सगळ्या कार्यालयाच्या नाकात दम आणला. दुधानं तोंड पोळलेला माणूस ताकही फुंकून पितो, हा तर पाणीही फुंकून प्यायला लागला. त्यानं सगळ्यांना घोकून घोकून शिकवलं, की चौकोन उगवला आणि काही विचारायला लागला की उत्तर एकच, नको. वाचत बसू नका, विचार करू नका, नको म्हणा आणि पुढे चला. कात्रीचं बोट तर असं तयार झालं होतं की चौकोन पुरता उगवायच्या आत ‘नको’वर जाऊन पडायचं.

याच नकोबानं लिनक्स घातल्यावर वरच्या संगणकातला पुस्तकांचा फोल्डर खालच्या संगणकाला कायमचा जोडून दिला होता. त्याच्या भाषेत, माउंट केला होता. जोडलेला फोल्डर आपल्याच घरचा असल्यासारखा वागतो. पण वर वाचन संपलं की तिथला संगणक बंद व्हायचा, आणि तो बंद झाला की खालचा जागच्या जागी थिजायचा. ना हलायचा, ना बोलायचा, नुसता गेलेल्याची वाट बघत बसायचा. असं चार-दोनदा झाल्यावर नवं पुस्तक हाती घ्यायच्या आधी नकोबानं ती जोडणी काढून टाकली आणि कात्रीला दुसरी रीत दाखवली. फाइल मॅनेजर उघडायचा, त्याच्या वरच्या पट्टीत एसएमबी ही तीन इंग्रजी अक्षरं लिहायची, पुढे कोलन, दोन तिरक्या रेघा, मग वरच्या संगणकाचं नाव. एंटर मारलं की वरचे सगळे फोल्डर समोर हजर. हवी ती फाइल उघडायची, काम करायचं आणि बंद करायची. जोडणं नाही, तोडणं नाही, थिजणं नाही. कात्रीला ही रीत फारच आवडली. ती नेमकी कशी चालते हे नकोबा सांगत होता तेव्हा तिचं लक्ष चहाकडे होतं.

आता वाचककाकांविषयी सांगायला हवं. ग्रंथालयाचे ते सगळ्यात लाडके वाचक. त्यांचं आयुष्य लिफ्ट दुरुस्त करण्यात गेलं होतं आणि मजल्यामजल्यावरच्या माणसांना खालून हाका मारून मारून त्यांनी आवाज कमावला होता. भारदस्त, खोल आणि तरी मऊ. कात्रीला या नोकरीत त्यांनीच आणलं. ती राहायची त्या इमारतीची लिफ्ट बंद पडली तेव्हा तिनं त्यांना सांगितलं होतं, की गेले कितीतरी दिवस तिसऱ्या मजल्यावर हिचा आवाज बदलतोय, पण कुणी ऐकून घेत नाही. काकांनी उघडून पाहिलं तर खरंच तिथल्याच पट्टीवर चाक घासत होतं. पुढे ग्रंथालयाला कापणारं माणूस हवं झालं तेव्हा ते तिच्या दारात येऊन उभे राहिले, म्हणाले, तुझे कान फुकट चाललेत, चल. तेव्हा तिच्या घरी हातातोंडाची गाठ पडायची मारामार होती. त्या एका ‘चल’वर तिच्या मुलींची शिक्षणं झाली. हे ती कधी विसरली नाही, आणि काकांनी कधी आठवू दिलं नाही.

कापायला मात्र काकांसारखा छळ दुसरा नव्हता. पुस्तक वाचता वाचता हा माणूस मध्येच गप्पा मारायचा. पंखा बंद म्हणून उकाड्याला शिव्या द्यायचा. एखाद्या पात्रावर वैतागायचा, “हा शहाणा आता विहिरीकडे जाणार बघ कात्री, आणि मला त्याला जाऊ द्यावं लागणार,” असं म्हणून पुन्हा गंभीर होऊन वाचायला लागायचा. फोन बंद ठेवायचा नियम होता तो काकूंच्या फोनपुरता त्यांना लागू नव्हता. भर मरणाच्या प्रसंगात थांबून ते सांगायचे, की हो गं, आणतो, विसरलो नाही, कशाला सारखं सारखं. कात्री खाली हसायची आणि कापायची.

हे नवं पुस्तक चांगलं जाडजूड होतं. काका वर एकेक प्रकरण वाचत गेले, कात्री खाली एकेक कापत गेली आणि फळ्यावर खूण करत गेली. सगळं झालं की एकदमच सलग ऐकायचं ठरलं होतं. शेवटची थोडी प्रकरणं उरली तेव्हा काकांचा आवाज बसला. सर्दी म्हणता म्हणता तपासण्या झाल्या, आणि घशात गाठ निघाली. डॉक्टरांनी सांगितलं, जीव राहील, स्वरयंत्र राहणार नाही. जीव राहिला. पुस्तक तसंच अर्धवट पडून राहिलं आणि ते पूर्ण करायचा विषय काढायला कुणाची जीभ रेटेना.

मग एका सकाळी काकू आल्या. जिन्याखालच्या खोलीत दुसरी खुर्ची मावत नसे म्हणून कात्रीनं त्यांना आपली दिली आणि स्वतः टेबलाला टेकून उभी राहिली. काकूंनी सांगितलं ते असं. काकांना बोलणं शिकवणाऱ्या थेरपिस्टनं एक पाटीसारखं यंत्र आणलं होतं. त्यावर लिहिलं की ते बोलतं, आणि माणसाची जुनी रेकॉर्डिंग असली तर त्याच्याच आवाजात बोलतं. ग्रंथालयाची पुस्तकं होतीच, त्यांतून काकांचा आवाज तयार झाला. घरात आनंदीआनंद झाला. काकांनी पहिलं वाक्य लिहिलं, भूक लागली आहे. आणि यंत्र ते असं बोललं, की जणू एखाद्या राज्यात मोठा दुष्काळ पडला होता.

“आवाज त्यांचाच आहे हो,” काकू म्हणाल्या, “पण ते यंत्र बोललं की वाटतं, कुणीतरी माझ्यावर धडा लिहिलाय. त्यांनाही कळतं ते. दोन दिवस बोलले आणि यंत्र कपाटात टाकलं. आता काही हवं असलं तर टाळी वाजवतात. आणि बरेचदा हवं असलं तरी वाजवत नाहीत. नुसते बसून असतात. तुमच्याकडे ते साधे बोललेले कुठे आहेत का? पुस्तक नाही, नुसतं बोलणं. तासभर तरी लागेल म्हणते ती थेरपिस्ट.”

घरात काही नव्हतं. घरच्या घरी कोण कुणाला रेकॉर्ड करतं? फोनमधल्या सगळ्या व्हिडिओंत काका फोन धरून उभे, त्यामुळे दिसायचे सगळे आणि ऐकू यायचं एकच, ‘हसा जरा.’

कात्रीला आठवलं. साधं बोलणं होतं की. वर्षानुवर्षांचं होतं. उकाड्यावरचं, विहिरीवरचं, काकूंच्या फोनवरचं. आणि ते सगळं तिनं स्वतःच्या हातानं, पगार घेऊन, नीटनेटकं कापून टाकलं होतं. ज्या माणसानं तिला उभं केलं त्याचं खरं बोलणं तिनं कचऱ्यासारखं झाडून काढलं होतं. तिनं काकूंना ते सांगून टाकलं. म्हणाली, काकू, मी मूळ फाइलीवरच कापते. काही उरत नाही.

काकूंनी मान हलवली. रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. उठता उठता त्या एवढंच म्हणाल्या, की मग निदान त्या शेवटच्या पुस्तकातलं थोडं ऐकवा मला, आजारपणाआधीचं, आलेच आहे तर.

वर दुसरं कुणी वाचत होतं म्हणून तिथला संगणक चालू होता. कात्रीनं फाइल मॅनेजर उघडला. पट्टीत एसएमबी लिहिलं, रेघा मारल्या, वरच्या संगणकाचं नाव लिहिलं. पुस्तकाचा फोल्डर आला. तिनं पहिलं प्रकरण उघडलं, हे तिनं कितीतरी महिन्यांपूर्वी कापून स्वच्छ केलेलं होतं. स्पीकरचा आवाज वाढवला.

आधी खाकरण्याचा आवाज आला. मग खुर्ची कुरकुरली. मग काका म्हणाले, “कात्री, ऐकतेयस का? खूप उकडतंय. हे पुस्तक संपेपर्यंत मी वाळून पापड होणार. चला.” आणि मग भारदस्त आवाजात प्रकरण सुरू झालं.

काकूंनी टेबलाची कड धरली. कात्रीनं फाइलीचं नाव पुन्हा वाचलं. हे खाकरणं तिनं कापलं होतं. ही खुर्ची तिनं कापली होती. तिनं दुसरं प्रकरण उघडलं, तिसरं उघडलं, मधलंच एखादं उघडलं. सगळीकडे काका पोटभर गप्पा मारत होते. एका ठिकाणी फोन वाजला आणि ते म्हणाले, हो गं बाई, लक्षात आहे, घरी आल्यावर बोल. काकू हसल्या, आणि मग त्यांना हसू आवरेना, आणि मग ते हसू राहिलं नाही.

कात्रीची मात्र दोन्हीकडून पंचाईत झाली होती. एकीकडे आनंदानं ऊर भरून आला होता आणि दुसरीकडे लक्षात येत होतं, की फळ्यावर खुणा केलेलं तिचं सगळं काम हवेत गेलंय. तिनं नकोबाला फोन लावला. तो धावत आला, त्यानं तिला एक प्रकरण उघडायला लावलं, थोडं कापायला लावलं, सेव्ह करायला लावलं आणि प्रोग्राम बंद करायला लावला. चौकोन उगवला. सवयीनं तिचं बोट ‘नको’कडे निघालं तेव्हा त्यानं तिचा हात धरला.

“वाचा,” तो म्हणाला.

चौकोनात विचारलं होतं, की फाइल बदलली आहे, मूळ जागी परत पाठवू का?

नकोबाचा चेहरा पडला. त्यानं खालच्या आवाजात समजावून सांगितलं. फोल्डर जोडलेला नसला की फाइल मॅनेजरला वरचं सगळं दिसतं, पण आवाज कापायचा प्रोग्राम तिथवर पोचू शकत नाही. म्हणून फाइल मॅनेजर गुपचूप फाइलीची एक तात्पुरती प्रत खाली आणून देतो. कात्री इतके दिवस कापत होती ती प्रत. काम संपलं की तो इमानदारीनं विचारायचा, की ही वर पाठवू का. हो म्हटलं असतं तर ती मूळ फाइलीवर जाऊन बसली असती. नको म्हटलं की प्रत पुसली जायची आणि मूळ जशीच्या तशी.

“आणि नको म्हणायला तुम्हीच शिकवलंत,” कात्री म्हणाली.

“मीच,” तो म्हणाला. “दोन्ही मीच शिकवलं. तुमचं सगळं काम गेलं.”

“ती जुनी जोडणी ठेवली असती तर?”

“तर पहिल्याच सेव्हला मूळ गेली असती. मग देवालाही परत आणता आली नसती.”

कात्रीनं त्याचे दोन्ही हात धरले आणि तो चांगलाच घाबरला. त्यानं विचारलं, तुम्ही मला ओरडणार नाही का. ती म्हणाली, ओरडणार आहे, पण उद्या. आज माझ्याकडून फक्त आभार घ्या. त्याच्या कामाबद्दल त्याचे कुणी आभार मानावेत असं आजवर घडलं नव्हतं, त्यामुळे ते कसे घेतात हेच त्याला माहीत नव्हतं. तो वायर तपासायला जिन्यावर निघून गेला.

राहिल्या ग्रंथपालबाई. पुस्तकाची वाट बघणाऱ्यांचे त्यांना रोज फोन येत, आणि आता ते पहिल्या प्रकरणापासून पुन्हा कापावं लागणार होतं. बाई स्वतः जन्मापासून दृष्टिहीन, आणि चुकीला चूक म्हणायला न कचरणाऱ्या. कात्रीनं जाऊन सगळं आडपडदा न ठेवता सांगितलं. बाई म्हणाल्या, आधी ऐकव. ऐकताना त्या खुर्चीत मागे रेलल्या. काका विहिरीकडे निघालेल्या पात्राला मूर्ख म्हणाले तेव्हा त्या मोठ्यांदा हसल्या. इतकी वर्षं या माणसाचं एकेक पुस्तक मी ऐकलं, त्या म्हणाल्या, आणि माणूस आज ऐकतेय. मग त्यांनी निर्णय दिला, की पुस्तक थांबेल, पुस्तकांना थांबायची सवय असते. आधी हे काम कर.

तेव्हा कात्रीनं उलटं काम केलं. मूळ फाइलींच्या प्रती करून घेतल्या आणि जन्मभर जे ठेवलं ते टाकलं, जे टाकलं ते ठेवलं. पुस्तक कापून काढलं आणि वाक्यांमधल्या फटीतले काका गोळा केले. कुरकुर, थट्टा, फोनवरचं हो-हो, चष्मा सापडत नाही म्हणून केलेली चिडचिड. दोन शब्दांचं काही सापडलं तरी ते ती सोडेना. आजारपण जवळ आलं तसा आवाज बसत गेला होता, ती प्रकरणं तिनं बाजूला ठेवली. काम करताना तिला सारखं वाटायचं, की हे आपल्याला कुणीतरी फुकट दिलंय. मागायची अक्कल नव्हती, सांभाळायची तर नव्हतीच, तरी मिळालं. कानात काकांची बडबड चालू असायची आणि ती एकटीच स्क्रीनकडे बघून मान डोलवायची. शेवटी तासभराहून बरंच जास्त बोलणं जमलं. थेरपिस्ट म्हणाली, एवढं स्वच्छ साधं बोलणं तिला आजवर कुणी आणून दिलं नव्हतं.

नवा आवाज तयार होऊन यंत्रात बसला त्या दुपारी काकूंनी कात्रीला चहाला बोलावलं. ती गेली तेव्हा काका बाहेरच्या खोलीत खिडकीपाशी बसले होते. गळ्याला पांढरा रुमाल, मांडीवर ते यंत्र. सकाळी थेरपिस्ट सगळं लावून देऊन गेली होती, पण काकांनी त्याला अजून बोट लावलं नव्हतं. एकदा तोंड कडू झालं की माणूस पुन्हा घास घ्यायला कचरतो, तसे ते यंत्राकडे बघत होते. कात्रीला बघून त्यांनी हात जोडले. ती म्हणाली, काका, माझ्यापुढे हात जोडाल तर मी अशीच परत जाईन. मग त्यांनी नुसतं हसून मान हलवली आणि बोट काही लावलं नाही.

समोर बसून वाट बघत राहणं कात्रीला जड झालं, म्हणून ती काकूंच्या मागे स्वयंपाकघरात गेली. काकू कपाटाचं दार कसं लागत नाही ते सांगत राहिल्या, साखरेचा डबा शोधत राहिल्या. मग अगदी हळू म्हणाल्या, की ते नाही बोलले तरी तुमचे उपकार आहेतच, मला ते फोनवरचे ऐकायला मिळाले. कात्री म्हणाली, उपकार तुमच्या घरानं केलेत, मी फेडतेय तेही चुकून. चहाला उकळी येत होती. नळ ठिबकत होता.

बाहेरून आवाज आला, “अगं, चहा करतेयस की चहाचा मळा लावतेयस?”

“आणतेय हो,” काकू पाठमोऱ्याच वैतागून म्हणाल्या. “एवढी घाई असेल तर या उठून.” आणि कप घ्यायला हात वर केला.

हात तसाच राहिला. त्या रेकॉर्डिंगमधली काकांची झाडून सगळी वाक्यं कात्रीला पाठ होती आणि हे वाक्य त्यांत नव्हतं. हे त्यांनी आत्ता लिहिलं होतं, याच दुपारचं, याच चहाबद्दलचं. त्यात कुठला दुष्काळ नव्हता की कुठलं राज्य नव्हतं. घरातल्या माणसानं घरातल्या माणसाला मारलेली हाक होती.

काकूंनी गॅस बारीक केला. ओल्या हातानं डोळे पुसले, म्हणजे ते आणखीच ओले केले. मग दाराकडे तोंड करून त्या, शेजारी ऐकू जाईल एवढ्या मोठ्या आवाजात, धडधडीत खोटं बोलल्या.

“काय म्हणालात? मला नाही ऐकू आलं. परत म्हणा.”